तिण्णैवरचा तास

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली आहे. समोरच्या घरातली मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या घरात रेंज मिळत नाही, म्हणून ऑनलाइन तासाला ती आमच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन बसते. कॅमेरा बंद असला तरी इस्त्रीचा पांढरा कोट घालते, चपला पायरीखाली काढते. बोलते अगदी हळू. वाक्य मराठीत सुरू करून तमिळमध्ये संपवते. फोनवर नर्स कशी तयार होणार, अशी मला शंकाच होती.

परवा रक्तदाब मोजायचा तास होता. "काका, हात द्या. सेरी, ठीक आहे, आता बोलू नका," म्हणत तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला, कानात स्टेथोस्कोप घातला आणि तीनदा हवा भरून सोडली. हात बधिर झाला, पण मी गप्प बसलो. एवढ्यात फोनवर मॅडमनी विचारलं, सगळ्यांना जमलं का? पडद्यावर भराभर 'यस' उमटू लागले. हीपण 'यस' लिहून मोकळी होईल, असं मला वाटलं.

तिने माइक सुरू केला आणि तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, ठोका सुरू झालेला ऐकू येतो, थांबलेला कळत नाही. खालचा आकडा अंदाजाने सांगू नये ना?"

मग एकेक आवाज आला, "मलापण नाही कळला, मॅडम." मॅडम हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवू लागल्या.

"काका, तो हात द्या," ती फोनवरची नजर न काढता म्हणाली.

मी दुसरी बाही आधीच वर सारली होती.