आहे तसंच मोठं करून द्या

साइनबोर्डच्या धंद्यात दोन प्रकारचं भंगार साठतं. एक कटिंग मशीनखाली, अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यांचं. ते पोत्यात भरून देऊन टाकता येतं. दुसरं गिऱ्हाइकांच्या किश्शांचं. ते कोणी नेत नाही आणि आपल्यालाही टाकवत नाही!

यवतमाळला माझं आणि माझ्या मावसभावाचं, निलेशदादाचं, दुकान आहे. तो फ्लेक्स छापतो, मी अक्षरं कापतो. अमरावतीला उपयोजित कला शिकून परत आलो तेव्हा माझी खात्री होती की गावातली अक्षरं सुधारली की गावही थोडं सुधारतं. अजूनही आहे. दादाचं म्हणणं वेगळं. "तुह्या एका बोर्डाले जेवढा टाइम लागते, तेवढ्यात मी आख्खी निवडणूक छापतो!"

यंदा त्याने सरळच सांगितलं. पुसदचा एक जण माझी कटिंग मशीन विकत घ्यायला तयार आहे. दसऱ्यापर्यंत अक्षरांचं काम रुळावर आलं तर ठीक, नाहीतर मशीन जाणार आणि मीही फ्लेक्सच छापत बसणार.

मला राग आला, पण त्याचं पूर्ण चुकलं होतं असंही नाही. अक्षरं मला येत होती. गिऱ्हाईक जे घेऊन येतं त्यातून ती काढायची कशी, हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

* * *

बाभुळगावचे एक कृषी केंद्रवाले काका. त्यांनी दुकानाचा लोगो मोबाइलवर पाठवला. म्हणजे कोणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट! वर टाइम, बॅटरी, नेटवर्क, सगळं आलेलं. त्यावरून त्यांना दुकानाच्या रुंदीचा बोर्ड हवा होता.

मी स्क्रीनवर मोठा करून दाखवला. लोगोचे नुसते चौकोन झाले.

"काका, फुटून राह्यला पाहा."

"तुम्ही जवळून पाहून राह्यले नं! शेतकरी काय बोर्डाले नाक लावून वाचते?"

मग मी त्यांना रिझोल्यूशन समजावलं. चित्रात मुळात किती माहिती असते, ती ताणली की काय होतं, नसलेली माहिती कुठून आणायची, सगळं. माझा आवाजही चढला असावा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बियाणं उगवलं नाई तं आम्ही थैली बदलून देतो," ते म्हणाले. "तुम्ही फोटो बदलून नाई देत?"

तो लोगो मी पहिल्यापासून काढून दिला.

* * *

राजूरचे एक नाश्त्याच्या हॉटेलचे मालक. तिकडे कोळशाची धूळ सगळ्यावर बसते, बोर्डावरही. त्यांना जुन्या बोर्डासारखाच नवा हवा होता, "सेम टू सेम". फोटो आला तो काळा. दुसरा मागवला, तोही काळा. तिसऱ्यात त्यांचं बोटच आलं होतं.

"साफ फोटो पाठवा नं, भाऊ!" मी फोनवर वैतागलो.

दुसऱ्या दिवशी ते मालवाहू ऑटोत आख्खा बोर्ड टाकून दुकानात हजर!

"फोटो साफ नाई म्हणता, आता घ्या हाच."

मी ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. खालून लाल अक्षरं निघाली, त्यांना पिवळी सावली, कडा अशा की कालच काढल्यासारख्या. कोण्या पेंटरने काढली होती ते मालकांनाही आठवेना. मी बराच वेळ पाहत राहिलो. त्याच्यापुढे माझी कापलेली अक्षरं मलाच थंड वाटायला लागली.

"भाऊ, तुम्हाला नवीन बोर्ड लागतच नाही. हाच धुऊन लावा."

ते खुशीत तसेच ऑटोत बसून गेले. दादा हे सगळं काउंटरवरून पाहत होता.

"शाब्बास!" तो म्हणाला. "आता दारात बादली अन् फडकं ठेव. गिऱ्हाईक आलं की धू अन् वापस पाठव!"

* * *

फॉन्टचं तर विचारूच नका. दुसऱ्या दुकानात केलेली मराठी फाइल आपल्याकडे उघडली, आणि तो फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरमध्ये नसला, की पडद्यावर कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा होतो.

दिग्रसचा एक जण मंगल कार्यालयाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन आला. उघडली. चिवडा!

"काल तं मराठी होतं!" तो घाबरला.

ज्याने फाइल केली त्याला मी फोन लावला. फॉन्टचं नाव तेवढं हवं होतं.

"भाऊ, कामाचा रेट विचारा, मशीन कुठून घेतली ते विचारा," पलीकडून आवाज आला. "फॉन्ट नका विचारू. लेकरंबाळं त्याच्यावरच आहेत माह्ये!"

शेवटी कळलं, फॉन्ट माझ्याकडेही होता, एका जुन्या पेनड्राइव्हमध्ये पडलेला. मलाही तो असाच कोणीतरी गुपचूप दिला होता आणि कोणाला द्यायचा नाही असं बजावलं होतं!

* * *

वाढदिवसाचा एक बॅनर दादाकडे आला होता, पण फोटो कापायचं काम माझ्याकडे ढकललं गेलं. भावी सरपंचांचा एकट्याचा चांगला फोटोच नव्हता. लग्नातला ग्रुप फोटो दिला, त्यातून त्यांना वेगळं काढायचं. काढलं. पण खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात होता. तो काढायला गेलो की खांदाच जायचा.

"हात राहू द्या जी," कार्यकर्ते म्हणाले. "पाठिंबा असल्यासारखं वाटते."

बॅनर चौकात लागला. दोन-तीन दिवसांनी एक गृहस्थ तणतणत दुकानात आले.

"त्या बॅनरवरचा हात माह्या आहे!"

मला वाटलं, आता भांडण.

"मंग बाकीचा मी कुठी आहे?" ते म्हणाले. "मलेही लावा नं त्याच्यावर!"

* * *

घाईत मीही एकदा शॉर्टकट घेतला. एका किराणा दुकानाच्या बोर्डाचा संध्याकाळी काढलेला फोटो होता. अक्षरं हाताने ट्रेस करायची ती कॉम्प्युटरला करू दिली. मशीनने कापून दिली, मी चिकटवून आलो. लावून झाल्यावर रस्त्यापलीकडून पाहिलं तर शेवटच्या अक्षराला एक वेलांटीदार शेपटी! फोटो काढला तेव्हा बोर्डावर पाल बसली होती. कॉम्प्युटरने तिलाही अक्षर समजून ट्रेस केलं होतं. चार पाय, शेपूट, सगळं लालभडक अ‍ॅक्रिलिकमध्ये!

मी माफी मागितली, लगेच काढतो म्हणालो. मालकीणबाईंनी मला अडवलं.

"हात नका लावू. लक्ष्मी आहे ते. आपल्या पायानं आली."

आठवडाभराने त्यांच्या समोरचा दुकानदार आला. "बोर्ड करायचा आहे," तो म्हणाला आणि आवाज खाली आणला. "पाल थोडी मोठी ठेवजा. त्याईच्याहून."

दादा इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मग डोळे पुसत म्हणाला, "एवढं शिकून आला अन् पाली कापून राह्यला. पुसदवाल्याले हो म्हणून देऊ?"

* * *

दसऱ्याच्या थोडं आधी फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे सुभाष राठोड आले. सायकल दुरुस्तीचं दुकान. रस्ता मोठा करताना जेसीबीने त्यांचं जुनं शेड पाडलं, त्यात बोर्डही गेला. आता नवं शेड उभं होतं आणि जुनीच अक्षरं हवी होती. त्यांच्या धाकट्या भावाने, विनोदने, काढलेली. विनोद दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला.

फोटो एकच. तोही फोटोचा फोटो. घरात भिंतीला फ्रेम होती, तिचा मोबाइलवर काढलेला, वर ट्यूबलाइटची चमक. बोर्ड नुकताच रंगवून भिंतीला टेकवलेला आणि समोर, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, विनोद. हातात ब्रश, कमरेवर हात. डावीकडे 'गणेश', उजवीकडे 'मार्ट'. मधला 'सायकल' आख्खा त्याच्या मागे.

"फॉन्ट कोणता आहे हा?" सुभाषभाऊंनी विचारलं.

"याचा फॉन्ट नसतो, भाऊ. हा हात आहे."

पण मी पेटलो होतो. ही अक्षरं जमली तर मशीन राहते, असं मला उगाचच वाटत होतं. दिसणारं प्रत्येक अक्षर मी हाताने ट्रेस केलं. 'श'च्या वळणावरून 'स' काढला, 'मा'च्या दांडीवरून बाकीच्यांचे कणे उभे केले. 'क' आणि 'ल' मात्र मनाने, त्याच्या चालीने. शेवटी कोणतं त्याचं आणि कोणतं माझं, हे दादालाही सांगता येईना.

सुभाषभाऊ आले. खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले.

"मधलं तुम्ही केलं?"

"हो. जुळलं नं?"

"जुळलं जी. लई चांगलं जुळलं." त्यांनी मधल्या शब्दावर बोट ठेवलं. "ते काढून टाका."

"काहून?"

"त्यानं 'क' वेगळाच काढलता. कसा, ते मले सांगता नाई येत. पण डोळे मिटले का दिसते. हा तुमचा रोज पाह्यला तं तो विसरून जाईन मी."

मी चिडलोच. अर्धं नाव लावायचं? 'गणेश मार्ट' वाचून लोक साखर मागायला येतील! अपुरा बोर्ड मी आजवर कधी दिला नव्हता, आणि या वेळी तर मुळीच द्यायचा नव्हता.

"सायकली बाहेर उभ्याच असतात," सुभाषभाऊ म्हणाले. "फक्त दोन्ही शब्द जवळ नका आणू. मधात जेवढी जागा होती, तेवढीच ठेवा."

अक्षरं लावायला दादाही आला. परतताना पुसदला उतरून त्या माणसाशी मशीनचं पक्कं करायचं, असं त्याने गाडीतच सांगितलं होतं. शेडचा पांढरा पत्रा आधीच बसलेला होता. मी खालून अक्षरं देत होतो, दादा शिडीवरून एकेक चिकटवत होता. तांड्यावरची पाच-सहा माणसं पाहायला जमली. कोणी हसलं नाही.

सुभाषभाऊ त्यांच्या याडीला, म्हणजे आईला, हाताला धरून घेऊन आले. तिला वाचता येत नाही. घरातल्या फ्रेमसमोर मात्र ती रोज बसते. डोळ्यांवर हात धरून तिने डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग मधल्या कोऱ्या पत्र्यावर नजर आणून तिथेच ठेवली.

"सारं बराबर आहे," ती म्हणाली. "पण विनोद कुठी सरकला?"

दादाचा फोन वाजला. पुसदचाच होता. त्याने तो बंद करून खिशात टाकला आणि पुन्हा शिडीवर चढला.

"शिडी धर," तो मला म्हणाला. "'मा' एक बोट मधात आला आहे. त्याची जागा कमी होऊन राह्यली."