खांब : निरंक

अन्याय झाला तो यमुनाअक्कांवर. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, धुळ्यात. महापालिकेच्या पथकाने त्यांच्या शिवणवर्गाला कुलूप ठोकलं आणि ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस डकवली. ती ज्या रिपोर्टवरून निघाली, त्यावर सही माझी होती.

मी स्ट्रक्चरल ऑडिट करते. म्हणजे इमारत उभी राहील की नाही, ते तपासते. ही इमारत जुन्या कापूसपेढीची. खाली पेढी, वर अख्ख्या मजल्याएवढा माळा. त्यावर कापसाच्या गाठी रचत. कापूस गेला, माग आले. माग गेले, अक्कांच्या अकरा शिलाई मशिनी आल्या. सगळं ओझं सागवानी खांबांवर आणि तुळयांवर. भिंती नुसत्या आडोशाला.

आमचा फॉर्म मात्र सिमेंटच्या इमारतींसाठी छापलेला. खांबांच्या रकान्यात फक्त ‘आरसीसी’. मी माळ्यावरूनच साहेबांना फोन लावला.

“सर, इथे खांब लाकडी आहेत. कुठे लिहू?”

“लाकडाचा रकाना आहे का?”

“नाही.”

“मग निरंक लिही. आज अजून चार बिल्डिंग व्हायच्यात.”

अक्का ऐकत होत्या. “पोरी, आठे कापूसन्या गाठी ऱ्हायेत, तवय काही व्हयनं नही. आम्हन्या मशिनी तर हलक्या शेत. त्या खांबले हात तरी लाव!”

मी हसले. आणि लिहिलं : निरंक.

ऑफिसात त्याचा सरळ अर्थ लागला. इमारतीला खांबच नाहीत. पाडा.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी मी रिपोर्टातल्या दुरुस्तीचं पत्र घेऊन ऑफिसात धावले.

“मॅडम, सही तुमचीच ना?” टेबलामागचे गृहस्थ म्हणाले. “मग तेव्हा काय डोळे घरी ठेवले होते? फाईल पुढे गेली.”

पाडायला तीन दिवस लागले. खांब हलेनात. एकालाही वाळवी नव्हती. ठेकेदाराने ते निगुतीने ट्रकमध्ये रचून नेले. लाकडाची किंमत त्याला बरोबर कळली होती.

अक्का समोरच्या ओट्यावर बसून होत्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “आते बठ्ठ्या पोरी कोठे बसतीन?”

रकाना नसेल तर समासात लिहायचं असतं. एवढी अक्कल मला एक इमारत पाडून आली.

तुमच्या गल्लीत माझ्यासारखी कुणी येईल, तेव्हा तिला चहा विचारू नका. फॉर्म मागा. तिच्यासमोर वाचा. जे डोळ्यांसमोर उभं आहे ते त्यात नसेल, तर तिला सही करू देऊ नका.