आबांनी जाळीचं विचारलं तेव्हा

भूतखेत, संकेत-बिंकेत मी कधीच मानलं नाही. देवपूरच्या कॉलेजात झूलॉजी शिकले. गावात कुणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर शोधायचे. तरी हे लिहितेय... कारण दुसरीकडे सांगायची हिंमत नाही.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, घरची केळी. मी मात्र मालवणकडे समुद्रात काम करायचे. मी आणि प्राची, दोघीच. तुटलेल्या प्रवाळाचे जिवंत तुकडे लोखंडी फ्रेमवर बांधायचे आणि पाण्याखाली वाढवायचे. दोन वर्षं लेकरांसारखे सांभाळले. गेल्या मे महिन्यात पाणी फार तापलं; अशा पाण्यात वर ऊनही लागलं की प्रवाळ पांढरं पडून मरतं, म्हणून प्राचीने फ्रेमवर सावलीची जाळी बांधली. सुट्टीवर निघायच्या दिवशी मी शेवटची बुडी मारली आणि ती जाळी सोडून बोटीतल्या सामानात टाकली. केळीची रोपं शेतात लावण्याआधी घरी आम्ही तेच करतो — उन्हाची सवय व्हावी म्हणून. शेतकऱ्याच्या पोरीचा शहाणपणा! प्राचीला विचारलंही नाही. आल्यावर सांगू म्हटलं.

घरी आजोबा, म्हणजे आबा, खाटेवर. लकवा मारल्यापासून वर्षभर तोंडातून शब्द नव्हता. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. गुरुवारी दुपारी मी त्यांना ताक पाजत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि स्वच्छ विचारलं, "जाळी काब काढी तू? पानीमझारलं बठ्ठं धवळं पडी ऱ्हायनं." म्हणजे, जाळी का काढलीस, पाण्यातलं सगळं पांढरं पडतंय.

वाटी हातातून पडली. आई धावत आली. "आबा बोलनात वं माय!" आबा बोलले म्हणून सगळं घर रडत होतं, हसत होतं. डॉक्टरांना फोन, आत्याला फोन, भावाला फोन... प्राचीला मात्र नाही. ते काय बोलले, याचा त्या आनंदात मी विचारच केला नाही.

रविवारी प्राचीचाच फोन आला. आठवडाभर ती दुसऱ्या साइटवर होती, नुकतीच आमच्या फ्रेमवर उतरून आली होती.

"सगळं पांढरं पडलंय गं. जाळीच नाहीये. दोन-तीन दिवस आधी कळलं असतं तर थोडं तरी वाचलं असतं... माझीच गाठ सैल राहिली."

मी फोन ठेवला आणि आबांच्या खाटेजवळ जाऊन बसले.

एकही तुकडा वाचला नाही. प्राचीने महिन्याभरात काम सोडलं, आता समुद्राचं नाव काढत नाही. आबा पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत, दिवाळीआधी गेले. डॉक्टर म्हणतात, असे पेशंट क्वचित बोलतात. बोलत असतील. पण जाळीचं त्यांना कुणी सांगितलं? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं... प्राचीला अजूनही नाही.