मी कॉम्प्युटर सुधारायला घेतला!

आमच्या घरातला कॉम्प्युटर ठीक चालत होता, म्हणून मी तो सुधारायला घेतला.

ठीक म्हणजे, संथ. आमची मुग्धा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टचा विषय, करावे गावच्या कोळ्यांसाठी नवा धक्का. त्याची रंगीत चित्रं तयार करायला ती 'रेंडर'चं बटण दाबायची, आंघोळ करून, जेवून परत यायची, तोवर एका होडीचा अर्धा भाग उमटलेला असायचा! सबमिशनला चार दिवस उरले होते.

"बाबा, दुकानातून करून आणू या ना," मुग्धा म्हणाली.

"दुकानातून? घरात मी असताना?"

(त्या क्षणी माझ्या बायकोनं, वैशालीनं, देव्हाऱ्याकडे पाहिलं. मला ती श्रद्धा वाटली.)

मी नवी रॅम आणली, नवं दांडगं ग्राफिक्स कार्ड आणलं, दोन व्हिडिओ पाहिले आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. तासाभरात सगळं बसलं. तीन स्क्रू उरले, पण ते कंपनीनं जास्तीचेच दिले असणार! बटण दाबलं, स्क्रीन उजळला, घरात टाळ्या झाल्या. मुग्धानं रेंडर लावलं. होडी भराभर उमटू लागली, मागून पाणी आलं, आभाळ येऊ लागलं आणि... फट्! सगळं काळं.

नेमका त्याच क्षणी माझ्या सासूबाईंनी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू केला होता.

"व्होल्टेज!" मी ओरडलो. "आई, मिक्सर बंद करा!"

"दिलीपराव, बांगड्याचं वाटण आहे."

"मुलीचं करिअर मोठं की बांगडा?"

सासूबाईंनी विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला, पण मिक्सर बंद केला.

पुन्हा रेंडर, पुन्हा फट्! मग मी फ्रिज बंद केला. त्यामुळे उद्याचे बांगडेही आजच करणं भाग पडलं, त्यामुळे वाटण दुप्पट लागलं, आणि मिक्सरवर माझी बंदी असल्यामुळे सासूबाईंनी माळ्यावरचा खलबत्ता काढला. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "तुमी भिंत पाडताय का? सोसायटीची परवानगी घेतली?" त्यांना चार बांगडे देऊन परत पाठवलं.

पंखे बंद केले. फट्! टीव्ही, गिझर, दारावरची बेलसुद्धा बंद केली. फट्! दुसऱ्या दिवशी मी विंडोज पुसून नव्यानं टाकलं. त्यात कॉम्प्युटरमधलं सगळं साफ झालं हे मला नंतर कळलं. मुग्धाचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा वैशालीनं शांतपणे पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेतलात तेव्हाच सगळं उतरवून ठेवलं होतं, म्हणाली. ती नसती तर ही आठवण विनोदी झालीच नसती.

एवढ्यावर शहाण्या माणसानं थांबावं. मी वॉचमनला गाठलं.

"दहा मिनिटं लिफ्ट बंद ठेव. व्होल्टेज खाते ती."

त्यानं लिफ्टचा मेन स्विच पाडला. मी धावत वर आलो, मुग्धानं बटण दाबलं, फट्! आणि लिफ्टमधून सोसायटीचे अध्यक्ष प्रभुणेकाका ओरडू लागले, "अरे, कोण आहे तिकडे? मी आत आहे!"

त्यांना बाहेर काढलं तेव्हा मला वाटलं, आता नोटीस. पण काकांनी घाम पुसत सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "उचला तो डबा. मंदाताईकडे जाऊ. तुम्ही पाण्याचा पंप बंद करायच्या आत!" आणि डब्याची एक बाजू त्यांनी स्वतः धरली.

कोपरखैरण्याच्या जुन्या गावात मंदाताईंचं घर, आणि घराखालीच त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पन्नाशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी डब्याची बाजू उघडली, टॉर्च मारला आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, तुमी कामाला कुठं?"

"तुर्भ्याला, कारखान्यात. मेंटेनन्सला."

"मेंटेनन्स कसला? पाण्याचा?"

"नाही... इलेक्ट्रिकल."

त्यांनी मान खाली घातली. हसू दाबायला असावी. "एवरं मोठं कार्ड बसवलंव, आनि पावर सप्लाय तोच जुना? काम वाढलं की त्याला झेपत नाय, मंग पडतो बंद. लोड बघितला नाय?"

आता सांगायला हरकत नाही. आमच्या कारखान्यात प्रत्येक भिंतीवर पाटी आहे: 'नवीन यंत्र जोडण्यापूर्वी लोड तपासा.' खाली सही माझी!

मंदाताईंनी जास्त ताकदीचा सप्लाय बसवला, रॅम नीट दाबून बसवली, माझे तिन्ही स्क्रू आपापल्या जागी लावले. "हितंच चालवून बघ गो पोरी. परत बंद परला तर मी हाय ना," असं म्हणून आपलं टेबल मुग्धाला दिलं आणि चहा ठेवला. दोन तास कॉम्प्युटर खोकलासुद्धा नाही. होड्या, पाणी, आभाळ, सगळं उमटलं. ताई चित्राकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "ह्यो तर आमचा करावा! माझा माहेर! पन जाली सुकवाला छप्पर कशाला घातलंस? ऊन नको त्यांना?"

मुग्धा खळखळून हसली. जाळी सुकवायच्या अंगणावरचं छप्पर तिथल्या तिथे उडालं. त्या मोकळ्या अंगणाचं परीक्षकांनी सर्वांत जास्त कौतुक केलं.

प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मुग्धानं ऋणनिर्देश छापला. मंदाताईंचे आभार, आईचे आभार, आजीचे आभार, प्रभुणेकाकांचे आभार. माझा उल्लेख शेवटच्या ओळीत होता: 'आणि बाबांचे विशेष आभार, कारण शेवटचे दोन दिवस त्यांनी कशालाही हात लावला नाही.'