बापूदादाचं तोंड

कडेगाव सोडलं तेव्हा माझ्या हनुवटीवरचं गोंदण अजून ठणकत होतं. सकाळीच आईनं गोंदणारीण बोलावली. पोरींना लहानपणीच गोंदतात. माझं राहून गेलं होतं, कारण मी सुईला भ्यायची आणि माझ्या भावाला, बापूदादाला, माझं रडणं बघवायचं नाही. त्या दिवशी आईनं विचारलंसुद्धा नाही. हनुवटीच्या खळीवर काळे ठिपके पडले आणि खळी त्यांत बुडाली. सर्व्हिस मोटारीत बसवताना आई एवढंच म्हणाली, "कुनी इचारलं तर म्हन, ल्हानपनीच गोंदलंय."

बेचाळीसनंतरचे दिवस होते. दादा भूमिगत होता. त्याचा एकच फोटो होता, औंधच्या जत्रेत काढलेला, तो आईनं चुलीत घातला होता. फौजदारानं घराची झडती घेतली, कणगीतलं धान्य उपसलं, काही सापडलं नाही. जाता जाता तो माझ्यापुढं थांबला. मी आणि दादा एका वळणाचे. तेच नाक, तीच खळी. "फोटू कशाला पायजे रं?" तो शिपायाला म्हणाला. "हिला मिशा काढा, झालं." शिपाई हसला. आई हसली नाही. मला मावशीकडं सांगलीला धाडायचं, हे तिनं तिथंच ठरवलं. सांगली संस्थानात, तिथं आमचा फौजदार सहज येणार नाही, असा तिचा हिशेब.

गावात राहिलात त्या तुम्हा सगळ्यांना वाटलं, हौसा शिकायला गेली, नशीब काढलं. अगं बायांनो, मला लपवलं होतं. शिक्षण आपलं वाटेत भेटलं.

मावशीच्या गल्लीच्या टोकाला एक विलायती मडम राहायच्या. नर्सिंगला जाऊ बघणाऱ्या बायकांना त्या इंग्रजी बोलायला शिकवत. मावशीनं मलाही तिथं घातलं. दोघी-दोघींच्या जोड्या लावायच्या, विषय द्यायचा, आणि बोला. एके दिवशी विषय निघाला, घरात कोण कुणासारखं दिसतं. मडमनी स्वतःपासून सुरुवात केली, "आय हॅव माय मदर्स आइज." मला हसू आलं. आमच्यात माणूस आत्याच्या वळणावर जातं, मामाच्या वळणावर जातं. यांच्यात सरळ आईचे डोळेच घेऊन येतात. लय मजा वाटली मला. घर सोडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी मोकळी हसले असेन.

माझ्या जोडीला एक नवी बाई आली होती. चापूनचोपून नेसलेली, बोलणं गोड, आणि इंग्रजी आमच्यापेक्षा कितीतरी बरं. मग ही शिकायला कशाला आली, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तिनं विचारलं, "डू यू लुक लाइक युवर ब्रदर?"

मला भाऊ आहे हे मी वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती हसतच होती. दादा उंच आहे का, नाक असंच आहे का, एकेक विचारत गेली. मग तिची नजर हनुवटीवर आली आणि ती हळूच मराठीत म्हणाली, "गोंदण नवं दिसतंय गं."

"ल्हानपनीच गोंदलंय," मी म्हणाले. जुनं गोंदण हिरवट पडतं, माझं काळंभोर होतं. जन्मभर गोंदण अंगावर वागवलेल्या माझ्या आईला घाईत तेवढंच सुचलं नव्हतं. जे झाकायचं तिथंच तिनं बोट ठेवून दिलं होतं.

मग मी इंग्रजीत खोटं बोलले. माझा भाऊ मामाच्या वळणावर गेलाय. राउंड फेस, व्हेरी फेअर, बुटका. मराठीत माझी जीभ अडखळली असती. परक्या भाषेत दादाचं तोंड पुसून दुसरं काढायला मला काहीच जड गेलं नाही, याचीच मला भीती वाटली. मागून मडम म्हणाल्या, "व्हेरी गुड, हौसा!"

ती बाई पुन्हा वर्गात आली नाही. कोण होती, मला आजही ठाऊक नाही. घरी निरोप धाडावा तर निरोप्याच्या मागं कुणी लागेल, म्हणून गप्प बसले. दारावर थाप पडली की मावशी आधी माझ्याकडं बघायची, मग कडी काढायची.

पुढं स्वराज्य आलं. भूमिगत झालेली पोरं हार घालून गावात परतली. आई रोज एक भाकरी जास्त थापायची. दादा आला नाही. त्याला मेलेला कुणी बघितला नाही, जिता कुणी बघितला नाही.

मी नर्स झाले. वॉर्ड, ड्यूटी, क्वार्टर, यातच माझं जग आलं. माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्या म्हणतात, सुटीत घरी गेलं की आपण पुन्हा लहान होतो. माझं तसं होत नाही. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, कानही गेलेत. मी उंबऱ्यात उभी राहिले की ती दोन्ही हातांनी माझं तोंड धरते, उजेडाकडं वळवते आणि विचारते, "बापू? आलास व्हय रं?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं. तेव्हा तिचे हात कसे खाली पडले, ते मी बघितलंय. आता मी पदर ओढून हनुवटीवरचं गोंदण झाकते आणि तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणते, "व्हय आई, आलो."