खळ्यावर मांडलेलं झाड

कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी अमरावतीच्या शाळेत मास्तर होतो आणि सकाळी एका कापूस खरेदी करणाऱ्या साहेबाला मराठी शिकवत असे. एकदा ‘झाड’ हा शब्द आला, तेव्हा त्यानं पेटीतून एक छापील चित्र काढलं. अमेरिकेतल्या डोंगरातलं झाड. बुंध्याशी उभी माणसं मुंगीएवढी. बुंधा आडवा सोळा हात, असं तो म्हणाला.

माघात मी भातकुलीजवळच्या आमच्या गावी गेलो. बाबा घाईत होते. धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, दोन आंबे दुसऱ्या दिवशी तोडायचे ठरले होते. सावलीत कापसाची पराटी वाढत नाही, आणि त्या वर्षी वीतभर जमीनही कोणी मोकळी सोडत नव्हतं. माय रुसली होती. दोन्ही झाडं मोहरली होती.

जेवताना मी त्या झाडाची गोष्ट काढली.

“सोळा हात? मले येडा समजून राहिला का?” बाबा म्हणाले.

मी त्यांना खळ्यावर नेलं. मधल्या खांबाला, मेढीला, दोर बांधला, आठ हात मोजले आणि गोल फिरत काडीनं रेघ ओढली. बाबा रेघेवरून पूर्ण चालून आले. माय आत जाऊन उभी राहिली, तिनं चहूकडे पाहिलं.

“अवं, याच्यात तं आपलं घर मावते, गोठ्यासकट,” ती म्हणाली.

“अजून उभं हाय का थे?” बाबांनी विचारलं.

“नाही. गिरमिटानं भोकं पाडून पाडलं. लय दिवस लागले. मंग बुडख्यावर बायामाणसं नाचली.”

“नाचाले पाडलं?”

“लोकाइले दाखवाले पाडलं. नाचले मागून.”

बाबा पुन्हा एकदा त्या रेघेवरून चालून आले. मग मायकडे न बघताच म्हणाले, “आपल्याले तं नाचताबी येत नाही.”

माय खुदकन हसली. रुसवा तिथंच संपला.

सकाळी लाकूडतोडे आले. बाबांनी त्यांना भाकर-पिठलं खाऊ घातलं, पिकावर झुकलेल्या चार फांद्या तेवढ्या छाटायला लावल्या आणि पूर्ण दिवसाची मजुरी देऊन वाटेला लावलं. शेजारचे शेतकरी हसले. बाबा म्हणाले, “माह्यं वावर हाय.”

पुढच्या हंगामात धुऱ्याकडची पराटी खुरटीच निघाली. पण त्याआधी वैशाखात आंबे इतके लागले, की मायनं लोणच्यासाठी शेजारणीच्या बरण्या मागून आणल्या. सुटीत मी घरी होतो. बाबा आणि मी झाडाखाली बसून पाडाचे आंबे चोखत होतो, कोपरापर्यंत रस ओघळत होता, आणि माय आम्हा दोघांना कपडे धुवायला लावीन म्हणून दटावत होती.