ताटात ठेवलेलं अंडं

माझी वही सगळ्यांत चांगली आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर माझ्या अक्षराला कोणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. पुढे कळलं की ती वही चुकीची होती. पण आधी वही कशाची ते सांगते.

माझ्या नवऱ्याचं पोट दुखायचं. जेवलं की तासाभरात बेंबीच्या वरून कळ निघायची ती थेट पाठीत जायची, आणि ते गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचे. संडासला तेलकट व्हायचं, कितीही पाणी टाकलं तरी जायचं नाही. गावानं ठरवून टाकलं की माणूस चोरून पितो. त्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. लावला असता तर मी सांगितलं असतं, मला झाकून ठेवायची सवय नाही. मेहकरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की स्वादुपिंड सुजून सुजून कडक झालं आहे, आत खडे आहेत, आणि हे न पिणाऱ्यालाही होतं. स्वादुपिंड हा शब्द मी तेव्हाच ऐकला. ते जठराच्या मागे असतं, त्याचा रस अन्नात आला नाही तर खाल्लेलं अंगी लागत नाही, असं त्यांनी समजावलं. मला तेवढं पुरे होतं.

त्यांनीच पुढचं सांगितलं. एका मोठ्या दवाखान्याचे लोक महिन्यातून एकदा मेहकरला येतात. लिव्हरचे, स्वादुपिंडाचे, आतड्याचे रोगी घरी नेमकं काय खातात, किती खातात, आणि काय खाल्लं तर त्यांची ताकद टिकते, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. त्यात नाव घाला म्हणाले. आम्ही घातलं.

तिथे आहाराचं बघणारी एक मुलगी होती. तिशीच्या आतली, अमडापूरची. तिनं यांच्या दंडाला टेप लावली. एक यंत्र मुठीत देऊन जोरात दाबायला लावलं, म्हणजे हाताची ताकद कळते. मग वजनकाट्यावर उभं राहा म्हणाली तर हे चपला घालून चढले, मग भिंत धरून उभे राहिले. ती म्हणाली, आजी, तुम्ही दाखवा बाबांना कसं उभं राहायचं ते. मी चढले, सरळ उभी राहिले, उतरले. तिनं सवयीनं माझाही आकडा कागदाच्या कोपऱ्यात टिपून घेतला. त्यावर आम्ही तिघंही हसलो होतो.

नातेवाइकांनी तोवर यांचं वरण बंद केलं होतं, दही बंद केलं होतं. नुसती पेज चालू होती. मुलीनं ते सगळं मोडीत काढलं. घट्ट वरण द्या, दोन उकडलेली अंडी द्या, दही द्या, तेल बेतानं, आणि दोनदा पोट भरण्यापेक्षा पाचदा थोडं थोडं द्या. पहिल्या घासाबरोबर त्या रसाची एक कॅप्सूल. मला एक वही दिली, एक वाटी दिली आणि एक चमचा दिला. घरच्या वाट्या लहानमोठ्या असतात म्हणून सगळ्या रोग्यांना एकच वाटी. भाकरी केवढी ते कळावं म्हणून मी पहिल्याच दिवशी भाकरी वहीच्या दोन पानांवर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. पानाला पीठ लागलं ते अजून आहे.

वहीत तीन रकाने होते. कधी, काय, किती. वाढलं की मी लगेच लिहायची. मग हे जेवायचे, हे उठले की मी बसायची, हे आमचं पहिल्यापासूनचं. एक दिवस खाडा नाही. लोकांच्या वह्या म्हणे कोऱ्या यायच्या, नाहीतर बसमध्ये बसून भरलेल्या. माझी वही डॉक्टरांनी दुसऱ्यांना दाखवली.

आणि यांचं वजन उतरत गेलं. दुसऱ्या महिन्यात उतरलं, तिसऱ्यात आणखी उतरलं. चौथ्या महिन्यात डॉक्टर माझी वही पुढे घेऊन बराच वेळ बसले. पानं उलटायचे, यांच्याकडे बघायचे. मग म्हणाले की एवढं खाऊन आणि कॅप्सूल घेऊन वजन उतरतंय, म्हणजे आत दुसरं काही वाढतंय का ते बघावं लागेल.

"कॅन्सर का?" मी विचारलं.

ते म्हणाले की स्कॅन केल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मोठ्या दवाखान्यात दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

जानेफळच्या बसनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, चाल वावरात. मला विहिरीवर नेलं, मोटरच्या पेटीचं झाकण उघडलं आणि शिकवायला लागले. हिरवं बटन दाबायचं, आवाज बदलला की सोडायचं. पाणी तुटलं तर लाल. ओल्या हातानं नाही. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो येऊन मोटर थोडीच चालू करणार. हे काऊन शिकवून राह्यले ते मला कळत होतं आणि मला राग आला होता. मी हिरवं बटन दाबलं. पाणी आलं. ते म्हणाले, जमते तुले. मी पेटीचं झाकण लावलं. घरी आले आणि दोनाऐवजी तीन अंडी उकडली.

त्या दिवसांत माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. पोलकी दंडात रुतायला लागली होती. मी म्हटलं धुऊन आटली. नवीन शिवायला टाकावी असंही मनात आलं नाही.

स्कॅनला चार दिवस राहिले असताना ती मुलगी घरी आली. प्रत्येक रोग्याच्या घरी एकदा जाऊन भांडी बघायची, स्वयंपाक बघायचा, असं त्यांच्या कामातच होतं. पाठीवरच्या पिशवीत वजनकाटा घेऊन आली होती. दुपारची वेळ होती. मी तिच्यासमोर भाकऱ्या केल्या. तिनं वाटीनं वरण मोजलं, माझ्या वहीतल्या पेन्सिलच्या गोलावर भाकरी ठेवून पाहिली. बरोबर भरली. मी ताट वाढलं. दोन भाकरी, वरण, दही, दोन अंडी. वहीत लिहिलं. हे जेवायला बसले, कॅप्सूल घेतली. ती कोपऱ्यात पाटावर बसून आपल्या कागदावर काहीतरी लिहीत होती.

यांनी एक भाकरी वरणात मोडून खाल्ली, हात धुतले आणि उठून ओसरीत गेले. मी ताट पुढे ओढलं आणि जेवायला बसले. पहिलं अंडं मी फोडलं असेल नसेल.

"आजी, हे त बाबाचं ताट हाये ना?"

एवढे महिने ती आमच्याशी पुस्तकासारखं बोलत होती. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यासारखं बोलली.

मी म्हटलं, हाव, मग? मी याच ताटात जेवते.

हे इथे सांगायला पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला हे लावलं. नवऱ्यानं ताटात ठेवावं आणि बायकोनं त्यातच जेवावं. माझी सासू काही जुन्याला धरून बसणारी नव्हती. तिनं घरातले सगळे देव स्वतः नेऊन पैनगंगेत सोडले होते, उपास सोडले, शकुन-अपशकुन सोडले. ताट मात्र तिनं सोडलं नाही आणि मीही सोडलं नाही. त्यामुळे मी पन्नास वर्षं ताट वाढते ते दोघांचंच वाढते. उरलेलं मला उरलेलं वाटतच नाही. ते माझं जेवण असतं. वहीत रकाना होता काय आणि किती याचा. कोणी खाल्लं असा नव्हता. दिवसातून पाचदा मी यांचं खाणं वाढत होते, आणि पाचदा त्यातलं निम्मं मी खात होते.

मुलगी रागावली नाही. तिची आजीही असंच जेवायची म्हणाली, म्हणून तर नजर गेली. तिनं काटा जमिनीवर ठेवला आणि मला वर उभं केलं. मग फाईल काढून त्या कोपऱ्यातला आकडा शोधला. चार महिन्यांत मी साडेतीन किलो वाढले होते. यांचं जवळजवळ तेवढंच उतरलं होतं.

मी ओसरीत गेले आणि विचारलं, ताटात एवढं काऊन ठेवत होते.

"खाल्लं का दुखते. दुखते म्हनून भेव वाटे," ते म्हणाले. "अन् तुले कोन देते अंडं?"

"मले अंडं पायजे असतं त मी उकडलं असतं. माहे हात मोडले नाई."

मुलगी आत हसली ते मला ऐकू आलं.

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तरी स्कॅन करूच, पण आता मला भीती कमी वाटते. दुखेल या भीतीनं हे खाणं टाकतात म्हणून दुखण्याची गोळी जेवणाआधी घ्यायला सांगितली. मुलीनं माझ्या वहीवर पट्टीनं आणखी दोन रकाने आखले. ताटात काय राहिलं, आणि ते कोणी खाल्लं.

स्कॅनमध्ये खडे होते तेच निघाले, गाठ नव्हती. डॉक्टरांनी ते सरळ सांगितलं, मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही बाहेर आलो. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. रडले वगैरे नाही. पिशवीत केळी होती, ती काढली. यांना दोन दिली, मी एक खाल्लं, आणि वही गुडघ्यावर ठेवून लिहिलं. केळी, दोन, पूर्ण. राहिलं, काही नाही.

आता आमची दोन ताटं आहेत. माझं मी वेगळं वाढून घेते आणि यांच्या समोरच बसते. पहिले काही दिवस आम्हा दोघांनाही लाज वाटली. तरी यांचा हात सवयीचा आहे, अजूनही कधी ताटाच्या कडेला अर्धं अंडं सरकवून ठेवतात. मी ते तसंच राहू देते. वहीत लिहिते, अर्धं अंडं, कोणीच नाही. मग मेहकरला ती मुलगी यांना विचारते आणि हे माझ्याकडे चोरासारखं बघतात. मागच्या खेपेला हे दोन किलो वर निघाले. मुठीतलं यंत्रही जास्त दाबलं. मीही काट्यावर चढून घेतलं, माझं उतरलं आहे, पोलकी पुन्हा बसतात. पलीकडे लिव्हरचा एक रोगी बसला होता, त्याची बायको तिच्या वहीतले नवीन दोन रकाने बघून विचारत होती की हे कशाला. मी तिला सांगितलं.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मोटर मी शिकले ती शिकलेच. सकाळी हे ओसरीत बसून अंडं सोलत असतात आणि म्हणतात, तुले जमते, तूच चालू करून ये. मी जाते.